जुन्या जीपचे मूळ भाग ओळखताना

जुनी जीप विकायला निघते तेव्हा मालक आधी साल सांगतो. बहुतेक वेळा ते 1942 नाहीतर 1944 असते. मग तो पुढच्या जाळीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, मोजा, नऊ फटी आहेत. तो खोटे बोलत नसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या दाबीव पत्र्याच्या जाळीला नऊ फटी होत्या, आणि युद्धानंतर नागरी ग्राहकांसाठी निघालेल्या सीजे मॉडेलांना सात. पण नऊ फटींची कोरी जाळी आज बाजारात विकत मिळते. अख्खी बॉडी मिळते, डॅशबोर्डवरच्या पाट्या मिळतात, डोक्यावर फोर्डचा ‘एफ’ उठवलेले नवे बोल्टसुद्धा मिळतात. फटी मोजून एवढेच कळते की जाळी त्या नमुन्याची आहे. ती केव्हा आणि कुठे बनली हे कळायला ती काढून मागच्या बाजूने पाहावी लागते.

हे पुस्तक त्या मागच्या बाजूविषयी आहे. इंजिन कसे बांधावे, पत्रा कसा सरळ करावा, रंग कसा मारावा हे जाणणारे उस्ताद आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्यांच्या हातात जे आहे ते पुस्तकात मावणार नाही. कमी पडते ते त्याआधीचे काम. समोरचा भाग गाडीबरोबर आलेला आहे, नंतर पण त्याच कंपनीत बनलेला आहे, की अलीकडे कोणी नक्कल करून विकलेला आहे, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता पान्हा हातात घेतला की ऐंशी वर्षे टिकलेला भाग भंगारात जातो, त्याच्या जागी चकचकीत नक्कल चढते, आणि सगळे मिळून त्याला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात.

जुन्या गाड्या अनेक असताना जीपच का निवडली? कारण मूळ आणि नक्कल ओळखायला शिकण्यासाठी इतकी चांगली गाडी दुसरी नाही. अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने सप्टेंबर 1940 मध्ये मेरिलंडमधल्या कॅम्प होलाबर्डला नेऊन दिला. मोठे कंत्राट मात्र ओहायोतल्या टोलीडोच्या विलीज-ओव्हरलँडला मिळाले. मागणी एका कारखान्याला पेलेनाशी झाली तेव्हा विलीजचेच आराखडे घेऊन फोर्डनेही तीच गाडी बनवायला घेतली. विलीजची ती ‘एमबी’, फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’. 1945 पर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बाहेर काढल्या. एकीचा भाग दुसरीला बसला पाहिजे, ही सैन्याची अट होती, आणि तो बसतोही. तरीसुद्धा दोन्ही कारखान्यांनी आपापल्या सवयी सोडल्या नाहीत. त्या सवयीच आज आपल्याला उपयोगी पडतात.

चासीच्या अगदी पुढे, रेडिएटरच्या खाली, एक आडवा मेंबर असतो. विलीजचा तो गोल नळीचा, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. वाकून पाहिले की लगेच दिसतो, आणि चासी कोणाची हा प्रश्न तिथेच सुटतो. फोर्डने चासीच्या डाव्या दांड्यावर वरच्या अंगाला नंबर थेट लोखंडात ठोकला, आणि तोच नंबर इंजिनावर. विलीजने चासीला आतल्या बाजूने नंबरची पाटी रिव्हेटने लावली, आणि इंजिनाचा नंबर वेगळा ठेवला. त्यामुळे चासीचा आणि इंजिनाचा नंबर तंतोतंत जुळणारी विलीज कोणी अभिमानाने दाखवली, तर आधी शंका यायला हवी, कारण तिथे नंबर जुळणे अपेक्षितच नव्हते. सुरुवातीच्या गाड्यांच्या मागच्या पॅनलवर कंपनीचे नाव पत्र्यात उठवलेले असे. 1942 च्या मध्यापर्यंत ते बंद झाले. चासी 1944 ची आणि पॅनलवर ‘फोर्ड’ असेल तर बॉडी दुसऱ्या गाडीची आहे किंवा नवी आहे, तिसरा पर्याय नाही. विलीजच्या पहिल्या सुमारे 25,000 गाड्यांची जाळी तर दाबीव पत्र्याची नव्हतीच, ती लोखंडी पट्ट्या वेल्ड करून बनवलेली होती. पत्र्याची जाळी फोर्डने आणली आणि मग विलीजनेही ती घेतली.

फोर्डची आणखी एक सवय होती. बोल्टच्या डोक्यापासून सीटच्या कंसापर्यंत बारीकसारीक भागांवर आपला वळणदार ‘एफ’ उठवायचा. संग्राहक या अक्षरावर इतके भाळले की ते अक्षर असलेला बोल्ट नसलेल्यापेक्षा महाग झाला, आणि महाग झाला म्हणून त्याची नक्कल निघाली. खूण जितकी प्रसिद्ध, तितकी ती नकलेत आधी उतरते. म्हणून या पुस्तकात मी प्रसिद्ध खुणांना दुय्यम जागा दिली आहे. नक्कल करणाऱ्याला ज्या गोष्टी करायला परवडत नाहीत किंवा सुचत नाहीत, त्यांच्यावर भर आहे.

त्यातली पहिली गोष्ट बीडाच्या ओतकामात सापडते. नक्कल करणारा बहुधा मूळ भागच नमुना म्हणून वाळूत दाबतो आणि त्या साच्यात बीड ओततो. बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. कारखान्यातल्या पॅटर्न बनवणाऱ्याने ही घट धरून लाकडी नमुना मुद्दाम तेवढा मोठा केलेला असतो. नक्कल करणाऱ्याच्या हाती तयार भाग असतो, मोठा नमुना नसतो. त्यामुळे 300 मिलिमीटर लांबीच्या भागात सुमारे 3 मिलिमीटर कमी भरतात. नकलेची नक्कल असेल तर घट दुप्पट. आता हे मोजायचे कुठे? लेथवर किंवा मिलिंगवर कापलेल्या जागी मोजून काही कळत नाही, कारण भाग बसावा म्हणून त्या जागा मापातच कापलेल्या असतात. मशीन न लागलेल्या दोन उठावांमधले अंतर मोजावे, ओतीव अक्षरांची उंची मोजावी, रिबांमधली जागा मोजावी, आणि तीच मापे खात्रीच्या भागावर घेऊन ताडून पाहावीत. व्हर्निअर कॅलिपर एवढे एकच साधन त्याला लागते. अक्षरांच्या कडाही पाहाव्यात. मूळ नमुन्यावरून ओतलेली अक्षरे उभी आणि धारदार असतात, भागावरून घेतलेल्या साच्यात ती गोलावतात, आणि मधल्या ऐंशी वर्षांत त्या भागावर पडलेला टवकासुद्धा नव्या भागात ओतला जातो. दोन वेगळ्या ‘मूळ’ भागांवर एकाच जागी एकसारखा टवका दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून आले आहेत हे पक्के समजावे.

पत्र्याच्या भागांत भोके पाहावीत. प्रेसमध्ये पंच केलेल्या भोकाची कड एका बाजूला किंचित आत वळलेली असते आणि दुसऱ्या बाजूला तिला बारीक काठ येतो. ड्रिलच्या भोकात गोल ओरखडे दिसतात. लेझरने कापलेल्या कडेवर बारीक उभ्या रेघा असतात. युद्धकाळात लाखोंनी बनलेला कंस पंच केलेलाच असणार, शंभर-दोनशेच्या हिशेबाने बनवणाऱ्याला पंच-डाय परवडत नाही, म्हणून तो लेझरवर कापून आणतो. हाच हिशेब कोपऱ्यांनाही लागू आहे. मोठ्या प्रेसमध्ये ओढलेला पत्रा कोपऱ्यावर सलग वळतो. छोट्या वर्कशॉपमध्ये तो आधी चिरतात, दुमडतात, वेल्ड करतात आणि घासून सपाट करतात. वरून लांबी आणि रंग चढला की बाहेरून काही दिसत नाही, पण आतून हात फिरवला की चीर बोटाला लागते.

वेल्डिंगही काळ सांगते. मूळ बॉडीवर स्पॉट वेल्डचे ठिपके साधारण सारख्या अंतरावर बसलेले असतात. तारेचे एमआयजी वेल्डिंग 1940 च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाले, म्हणून 1943 च्या जोडावर त्याची गुळगुळीत, सलग माळ दिसली तर तिथे नंतर कोणाचा तरी हात लागला आहे. ती दुरुस्ती प्रामाणिक असेल, चांगलीही असेल, पण ती नंतरची आहे. बोल्टच्या डोक्यावर 8.8 असा आकडा असेल तर त्याबद्दल जास्त बोलायलाच नको. तो मेट्रिक बोल्ट आहे आणि या गाडीचे सगळे आटे इंची आहेत.

रंगाबद्दल मात्र मला अधिक बोलायचे आहे, कारण सर्वांत जास्त पुरावा तिथे असतो आणि सर्वांत आधी नष्ट होतो तो तिथेच. गाडी आली की दुसऱ्या दिवशी सँडब्लास्टिंगला पाठवायची, ही आपल्याकडची रीत. त्या एका दिवसात गाडीचे सगळे आयुष्य वाळूबरोबर उडून जाते. अमेरिकन सैन्याच्या जीपच्या बोनेटच्या दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक असे, आधी निळसर करड्या रंगात आणि पुढे पांढऱ्या. त्यावर आपल्या सैन्याचा हिरवा बसला असेल, त्यावर लिलावात घेणाऱ्याचा लाल, त्यावर एखाद्या मंडळाचा पिवळा. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून बोनेटच्या बाजूवर हलक्या हाताने, एकेक थर उलगडत गेले तर खालचे आकडे दिसू लागतात. घाई केली की आकडे येण्याआधीच निघून जातात. बोनेटवर काही सापडले नाही तर पाट्यांच्या मागे, सीटच्या पट्ट्यांखाली, टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाहावे. तिथे दुसऱ्यांदा रंग मारायला कोणी जात नाही. आणि एखाद्या भागावर एकच थर असेल, शेजारच्या भागावर पाच, तर तो एकथरी भाग गाडीवर कधी आला याचे उत्तर मिळालेच.

झीज जोडीने होते. बिजागरीचे भोक लांबट झाले असेल तर तिची पिनही खाल्लेली असली पाहिजे. पेडलचे रबर झिजले असेल तर त्याखालच्या लोखंडाच्या कडाही गोल झालेल्या असल्या पाहिजेत. मीठ-तेजाब लावून आणलेला गंज वरवर एकसारखा नारिंगी दिसतो, पण त्याला खोल खड्डे नसतात, आणि शेजारच्या भागाशी त्याचे काही नाते नसते.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की अमेरिकेत 1943 मध्ये बनलेला तोच मूळ, बाकी सगळे हलके. मला नेमके याच्या उलट सांगायचे आहे.

दोन उदाहरणे घेऊ. युद्धात तुटलेली जीप सैन्याच्या वर्कशॉपमध्ये आली की हाताशी असेल तो भाग लावून ती पुन्हा रस्त्यावर काढत. विलीजच्या चासीवर फोर्डचे इंजिन असे चढले. ते इंजिन आज काढून ‘योग्य’ इंजिन बसवले तर गाडी कारखान्याच्या यादीशी जुळेल, पण तिच्या युद्धातला एक दिवस पुसला जाईल. अदलाबदल त्या काळातली आहे याचा पुरावा असेल तर मी ती तशीच ठेवीन.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. महिंद्रा बंधूंनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 1945 मध्ये कंपनी काढली, 1948 मध्ये तिचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या माझगावात विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली, आणि पुढे भागही हळूहळू इथेच बनू लागले. या जीप सीजे घराण्यातल्या. जाळीला सात फटी, हेडलाइट मोठे, मागे उघडणारे झाकण. सीजे-थ्रीबी आली तेव्हा नव्या, उंच इंजिनासाठी बोनेटही उंच झाले. मामलेदार, वनखात्याचे रेंजर, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी, निवडणुकीतले उमेदवार याच जीपमधून महाराष्ट्राच्या कच्च्या रस्त्यांवर फिरले. त्या गाडीवरचा मुंबईत बनलेला भाग हा तिचा मूळ भाग आहे. त्या जागी अमेरिकेतून मागवलेला 1943 चा भाग बसवला, तर तो भाग कितीही अस्सल असला तरी या गाडीसाठी परका आहे.

पण आज नेमक्या याच जीपना ‘युद्धातली’ बनवण्याचा धंदा जोरात आहे. बॉडी उतरवायची, फिलिपीन्समध्ये किंवा आपल्याच देशात बनलेली युद्धकालीन नमुन्याची नवी बॉडी चढवायची, नऊ फटींची जाळी लावायची, ऑलिव्ह रंग मारायचा, बोनेटवर पांढरा तारा काढायचा. काम सुबक असते. पण वाकून पाहिले तर गिअरबॉक्स टी-90 निघतो. युद्धातल्या जीपला टी-84 होता. हा प्रकार मला मनापासून सलतो. यातून युद्धातली जीप तर तयार होत नाहीच, आणि माझगावची एक खरी जीप मात्र कायमची नाहीशी होते. युद्धातल्या जीप जगभर जपल्या गेल्या आहेत, त्यांच्यावर ग्रंथ आहेत, संग्रहालये आहेत. मुंबईत जोडलेल्या पहिल्या काही वर्षांच्या जीपकडे ‘जुनी महिंद्राच तर आहे’ म्हणून कोणी पाहत नाही, आणि म्हणून त्या सर्वांत वेगाने संपत आहेत.

मग मूळपण कशावर ठरवायचे? या प्रश्नाने इंग्लंडमधल्या एका न्यायाधीशालाही घाम फोडला होता. 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली एक कोटी पौंडांना विकायचे ठरले. घेणाऱ्याने म्हटले, ही ती गाडीच नाही, हिच्यात त्या काळचे फार थोडे उरले आहे. 1990 मध्ये खटल्याचा निकाल लागला. बहुतेक भाग वेळोवेळी बदलले गेले हे न्यायालयाने मान्य केले, पण गाडीचा इतिहास मध्ये कुठेही तुटलेला नाही म्हणून ती अस्सलच आहे, असे ठरवले. मला हा निकाल पटतो, एका अटीवर. प्रत्येक बदल केव्हा, का आणि कोणी केला हे ठाऊक असले पाहिजे. त्या बेंटलीचे ते ठाऊक होते. आपल्या बहुतेक गाड्यांचे नसते, आणि त्याला आपणच जबाबदार आहोत.

नवे भाग वापरूच नयेत असे माझे म्हणणे नाही. ब्रेकचे पाइप, रबरी सील, वायरिंग, टायर हे नवेच हवेत. मूळपणाच्या हट्टापायी कोणाचा जीव धोक्यात घालू नये. कुजलेला फ्लोअर बदलावाच लागतो. नक्कल केलेला भाग चांगला बनवलेला असेल तर तो बनवणाऱ्या कारागिराचा मला आदर आहे, आणि जीपच्या बाबतीत असे कितीतरी कारागीर आपल्याच देशात आहेत, त्यांचे भाग परदेशांतल्या जीपवरही चढतात. आक्षेप आहे तो लपवण्याला. नक्कल मूळ म्हणून विकली गेली की फसतो तो फक्त घेणारा नाही. पुढे त्या गाडीवरून कोणी मापे घेईल, फोटो काढेल, ‘खात्रीचा नमुना’ म्हणून दुसऱ्याला दाखवेल, आणि चूक पसरत जाईल.

ऐतिहासिक वाहनांसाठी काम करणाऱ्या फिवा या जागतिक संघटनेने 2012 मध्ये ट्युरिन सनद स्वीकारली. जपणूक आधी, पुनर्बांधणी नंतर, हा तिचा गाभा, आणि बदललेल्या भागांवर टिकाऊ खूण असावी असे ती सांगते. आपल्याकडेही हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी या तरतुदीत येते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे ‘मूळ स्वरूप’ हे शब्द आता कायद्यात आले आहेत. ते तपासायला बसलेल्या अधिकाऱ्यापुढे मालकाला नुसत्या श्रद्धेवर बोलता येणार नाही, भाग उलटा करून दाखवावा लागेल.

पुढच्या प्रकरणांत चासीपासून सुरुवात करून इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, बॉडी, वायरिंग आणि शेवटी पाट्या व कागदपत्रे असा क्रम घेतला आहे. पाट्या शेवटी ठेवल्या त्या मुद्दाम. बहुतेक लोक तिथून सुरुवात करतात, आणि चार स्क्रू काढून बदलता येण्याजोग्या वस्तूवर सगळ्या गाडीचे साल ठरवून मोकळे होतात. वाचकाने पुस्तक गाडीखाली झोपून वाचावे, बॅटरी आणि आरसा घेऊन वाचावे, असे मला वाटते. जुन्या बाजारात किंवा भंगारात भाग घ्यायला जाणाऱ्यांनी निदान ओतकामाचे आणि पत्र्याचे प्रकरण आधी वाचून जावे.

एक विनंती आहे. पहिला स्क्रू सैल करण्याआधी गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा. नवा भाग बसवलात तर दर्शनी नसलेल्या जागी त्यावर बसवल्याचे साल ठोका आणि वहीत नोंद करा. जुना भाग कितीही खराब असला तरी भंगारवाल्याला देऊ नका. एका खोक्यात जपून ठेवा, आणि गाडी विकाल तेव्हा ती वही आणि तो खोका नव्या मालकाच्या स्वाधीन करा.